तक्त्यांतली माहिती: रिलेशनल डेटाबेस आणि त्याचे शिक्षण

रिलेशनल डेटाबेसमध्ये सगळी माहिती तक्त्यांत मांडलेली असते. एका ओळीत एक नोंद आणि एका स्तंभात एकाच प्रकारची माहिती, एवढीच त्याची मूळ रचना. वाचनालयाचा कारभार संगणकावर आणायचा असेल तर सभासदांचा एक तक्ता, पुस्तकांचा दुसरा आणि देवघेवीचा तिसरा करतात. प्रत्येक सभासदाला दुसऱ्या कोणालाही न मिळणारा क्रमांक दिला जातो, तो झाला प्रायमरी की. देवघेवीच्या तक्त्यात सभासदाचे नाव आणि पत्ता पुन्हा लिहीत नाहीत. तिथे फक्त त्याचा क्रमांक जातो आणि त्याला फॉरेन की म्हणतात. सभासदाने घर बदलले तर पत्ता एकाच जागी दुरुस्त करावा लागतो. यादीत नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक चढवू गेल्यास डेटाबेस ती नोंद घेतच नाही.

ही मांडणी एडगर कॉड यांची. जन्माने इंग्रज आणि गणित शिकलेले कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमच्या संशोधनशाळेत काम करत होते. जून १९७० मध्ये या मांडणीवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या काळच्या अनेक प्रणालींत माहिती उतरंडीने साठवलेली असे. अपोलो मोहिमेच्या कामातून घडलेली आयबीएमची आयएमएस ही त्यांपैकीच एक. हव्या त्या नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने जायचे ते प्रोग्रामरला पायरीपायरीने लिहावे लागे आणि साठवणीची रचना बदलली की चालते प्रोग्रॅम बंद पडत. काय हवे ते माणसाने सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे, असे कॉड यांचे म्हणणे होते. त्यांच्या कामात सर्वांत मोलाचे तेच आहे. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली ‘सीक्वेल’ ही भाषा पुढे एसक्यूएल झाली. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस ही रिलेशनल प्रणाली उभी केली. ओरॅकलने १९७९ मध्ये आपली प्रणाली विक्रीला आणली, आणि १९८६ मध्ये एसक्यूएलला अमेरिकेत अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला.

ही भाषा वाचायला सोपी आहे. ‘मुदत उलटूनही पुस्तक परत न केलेल्या सभासदांची नावे दाखव’ हा प्रश्न चार-पाच ओळींत लिहिता येतो. सभासदांचा आणि देवघेवीचा तक्ता जॉइनने जोडला जातो, आणि आधी कोणता तक्ता उघडायचा, कोणता इंडेक्स (जलद शोधाची सूची) वापरायचा हे डेटाबेसमधला ऑप्टिमायझर ठरवतो. प्रत्येक वाटेचा खर्च आधी अंदाजून स्वस्त वाट निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. आजचे बरेच डेटाबेस तिच्याच आधारे चालतात.

पैशांचे व्यवहार अशा प्रणालीवर सोपवता येतात ते ट्रान्झॅक्शनमुळे. एका खात्यातून पाच हजार रुपये वजा करून दुसऱ्यात जमा करायचे आहेत, आणि नेमकी मधेच वीज गेली. ट्रान्झॅक्शनमध्ये ही दोन्ही कामे मिळून एकच मानली जातात: दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही. प्रत्येक बदल मूळ तक्त्यात कायम होण्याआधी लॉगमध्ये लिहिला जातो. यंत्र पुन्हा सुरू झाले की लॉग वाचून अर्धवट काम मागे फिरवले जाते आणि कमिट झालेले, म्हणजे पूर्ण होऊन पक्के ठरलेले, काम शाबूत राहते. शेवटची एकच जागा दोन प्रवाशांनी एकाच क्षणी मागितली तर ती दोघांना जाऊ न देणे, हाही याच व्यवस्थेचा भाग. या विषयावरच्या पायाभूत कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

शिकण्यासाठी आज पैसे लागत नाहीत. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. बहुतेक शिकवण्यांची सुरुवात सिलेक्ट आणि इन्सर्ट या आज्ञांपासून होते. त्याआधी काही दिवस कागदावर तक्ते आखण्यात घालवणे जास्त फायद्याचे, कारण चुकलेली आज्ञा मिनिटात सुधारते, पण चुकलेल्या रचनेवर लाखो नोंदी साचल्या की ती बदलणे फार जड जाते. एका रकान्यात स्वल्पविराम देऊन तीन फोन नंबर कोंबणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. अशी माहिती वेगळ्या तक्त्यात कशी न्यायची, हे नॉर्मलायझेशन शिकवते.

त्यानंतर जॉइन आणि नल यांचा भरपूर सराव हवा. नल म्हणजे माहीत नसलेली किंमत. ‘शहर पुणे नाही’ अशी अट घातली तर ज्यांचे शहर भरलेलेच नाही ते सभासद उत्तरात येत नाहीत, आणि असे अहवाल बिनदिक्कत पुढे पाठवले जातात. पुढच्या टप्प्यात एक्सप्लेन ही आज्ञा वापरून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कुठे अडते ते पाहायला शिकावे. वापरकर्त्याने भरलेला मजकूर थेट क्वेरीत जोडू नये, हे तर पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडले पाहिजे. एसक्यूएल इंजेक्शनचा हल्ला तिथूनच होतो. डेटाबेस सांभाळण्याचे काम करणाऱ्याने बॅकअप घेऊन थांबू नये, तो दुसऱ्या यंत्रावर परत उभा करून पाहावा.

मराठी माहितीसाठी आणखी दोन गोष्टी लागतात आणि अभ्यासक्रमांत त्या सहसा नसतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ओरॅकलमध्ये स्तंभाची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे २० लांबीच्या स्तंभात ‘श्रीनिवास’ हे नावही मावत नाही. नऊ चिन्हांचे सत्तावीस बाइट होतात. अशा वेळी लांबी अक्षरांत मोजण्याचा पर्याय निवडावा लागतो. दुसरी गोष्ट क्रमवारीची. युनिकोडच्या नुसत्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो, मराठी वर्णमालेत मात्र त्याची जागा ‘ह’नंतर आहे. सभासदांची यादी मराठी कोशाच्या क्रमाने हवी असेल तर स्तंभासाठी मराठीचे कोलेशन, म्हणजे क्रमवारीचे नियम, सांगावे लागते, आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या आधारे ती सोय आहे.