कवकनाशक औषधे : उपयोग, उपद्रव व परस्परक्रिया

पैनगंगेच्या काठी वसलेल्या हदगाव तालुक्यात पावसाळा लागला की शेतात राबणाऱ्या माणसाचे अंग दिवसचे दिवस ओले राहते. जांघेत, काखेत व कमरेभोवती वाटोळे, खाजरे चट्टे उठतात. लोक त्यास गजकर्ण किंवा नायटा म्हणतात. पूर्वी व्हिटफिल्डचे मलम काही आठवडे लावले असता हा विकार बहुधा शमत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र भारतभर त्याचे स्वरूप पालटले आहे. तो घरातील एकाकडून दुसऱ्याकडे जातो, महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या औषधांस दाद देत नाही. ही स्थिती का उद्भवली हे समजण्यास कवकनाशक औषधांच्या कार्याचा मुळापासून विचार करावयास हवा.

जीवाणूंविरुद्ध औषध शोधणे तुलनेने सुलभ असते, कारण जीवाणूची पेशी मानवी पेशीहून फार भिन्न आहे. पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभित्तीची जडणघडण बिघडवते. मानवी पेशीस अशी भित्तीच नसते. कवकाचे तसे नाही. कवकाच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक असते, आणि तिच्यातील बहुतेक रासायनिक व्यवहारही आपल्यासारखेच चालतात. तथापि दोन भेद महत्त्वाचे आहेत. मानवी पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर कवकाच्या पटलात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल असते. आणि कवकास ग्लुकान या शर्करामय द्रव्याची भित्ती असते. बहुतेक कवकनाशके या दोन भेदांवरच आधारलेली आहेत. पहिला भेद सूक्ष्म असल्यामुळे त्यावर योजलेल्या औषधाचा आघात थोडाफार रोग्यावरही होतो.

पॉलिईन गटातील औषधे एर्गोस्टेरॉलला चिकटून कवकाचे पटल सच्छिद्र करतात. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या संशोधिकांनी निस्टॅटिन शोधून काढले. या शोधमालिकेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे प्रतिजैव मिळविले, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हे पद गुंफून गावाचे नाव कायम केले. याच गटातील ॲम्फोटेरिसिन बी हे आजही गंभीर, खोलवर पसरलेल्या संसर्गावरील प्रमुख औषध आहे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, त्यांत मधुमेही व स्टेरॉइड घेतलेले रुग्ण विशेष होते. त्या वेळी या औषधाचा देशभर तुटवडा जाणवला. व्होरिकोनॅझोल हे अन्य कवकांवर गुणकारी असले तरी या रोगाच्या कवकांवर ते चालत नाही. म्हणून ‘बुरशीचे औषध’ एवढ्याने भागत नाही. कवक कोणते, हे आधी जाणावे लागते.

ॲम्फोटेरिसिनमुळे थंडी वाजून ताप येतो, मूत्रपिंडास इजा पोहोचते व रक्तातील पोटॅशियम घटते. मेदगोलकांत बांधलेला त्याचा लायपोसोमल प्रकार मूत्रपिंडास पुष्कळ सौम्य, पण महाग आहे. पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनची विषारिता वाढते. आणि ॲमिकॅसिनसारखी औषधे जोडीस आली तर मूत्रपिंडावरील भार दुणावतो.

ॲझोल गटातील औषधे एर्गोस्टेरॉल घडविणाऱ्या एंझाइमला अडवितात. हे एंझाइम सायटोक्रोम पी-४५० या कुलातील आहे. आपल्या यकृतात औषधांचे विघटन करणारी एंझाइमेही याच कुलातील असल्यामुळे ॲझोलांचा प्रभाव त्यांच्यावरही पडतो. या औषधांच्या परस्परक्रियांचे मर्म येथेच आहे. इट्राकोनॅझोल चालू असता सिम्व्हास्टॅटिन घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण फार वाढून स्नायूंचा नाश होऊ शकतो. फ्लुकोनॅझोलमुळे वॉरफॅरिनचा प्रभाव वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेह्याची रक्तशर्करा त्याच औषधामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला शोषणासाठी जठरातील आम्लाची गरज असते. म्हणून ओमेप्राझोल घेणाऱ्यास तिचा लाभ उणा मिळतो. हृदय दुर्बल झालेल्या रोग्यास गजकर्णासाठी हे औषध देऊ नये. सर्वच ॲझोलांच्या बाबतीत यकृताकडे लक्ष ठेवावे लागते.

उलट दिशेची परस्परक्रिया मराठवाड्यातील वैद्यकास विशेष ध्यानात ठेवावी लागेल. समजा, क्षयाचे उपचार घेणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यास गजकर्ण झाले आणि त्यास इट्राकोनॅझोल दिले. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील एंझाइमांस उद्दीपित करते, त्यामुळे इट्राकोनॅझोल रक्तात पुरेसे टिकतच नाही. टर्बिनाफिनचे निष्कासनही त्याने सुमारे दुप्पट होते. रोगी गोळ्या नियमाने घेतो, पैसे खर्च करतो, आणि चट्टा तसाच राहतो. औषध निकामी ठरले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते कवकापर्यंत पुरेसे पोहोचलेलेच नसते.

टर्बिनाफिन हे एर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील आधीची पायरी, म्हणजे स्क्वालीन एपॉक्सिडेज हे एंझाइम, रोखते. गजकर्णावर ते दीर्घकाळ उत्तम समजले जात असे. परंतु भारतात पसरलेल्या व २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नामकरण झालेल्या कवकात याच एंझाइमात उत्परिवर्तने आढळतात आणि टर्बिनाफिनला प्रतिकार होतो. या प्रसारास स्टेरॉइड, प्रतिजैव व कवकनाशक यांच्या मिश्र मलमांचा स्वैर वापर पोषक ठरला, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. स्टेरॉइडने खाज व लाली तत्काळ थांबते. रोगी समाधानाने मलम सोडतो. त्वचेची प्रतिकारशक्ती मात्र दबलेली असते व कवक पसरतच राहते. २०१८ साली त्वचेवर लावावयाची स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये आणून चिठ्ठीवाचून त्यांची विक्री निषिद्ध करण्यात आली. तथापि नियमाचे फळ त्याच्या पालनावरच अवलंबून असते.

कवकाच्या भित्तीवर आघात करणारी कॅस्पोफंजिनसारखी औषधे दुसऱ्या, अधिक स्पष्ट भेदाचा लाभ घेतात. मानवी पेशीस ती भित्ती नसल्यामुळे त्यांचे उपद्रवही कमी असतात. मात्र ती शिरेतूनच द्यावी लागतात, व त्यांचे क्षेत्र मुख्यतः कँडिडा व ॲस्परजिलस यांपुरते मर्यादित आहे. गजकर्णास त्यांचा उपयोग नाही.

सारांश, कवकनाशकांचे गट मोजकेच आहेत, आणि त्यांतील एकेक गट प्रतिकारामुळे निकामी होऊ देणे आपणांस परवडणारे नाही. औषध देणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात : कवक कोणते, रोगी आणखी कोणती औषधे घेत आहे, आणि यापूर्वी त्याने कोणते मलम लावले. हे प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हदगावच्या औषधविक्रेत्याच्या फळीपाशीही ते विचारता येतात.