सन्हेरीबाचा वेढा आणि येरुशलेमची सुटका



सामान्य काळाच्या बाराव्या आठवड्यातील मंगळवारी, दर सम वर्षी, मिस्साबलिदानात राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातून पहिले वाचन होते. अश्शूरचा राजा सन्हेरीब येरुशलेमला धमकावतो, यहूदाचा राजा हिज्कीया मंदिरात जाऊन प्रार्थना करतो आणि एका रात्रीत परमेश्वराचा दूत शत्रूच्या छावणीतील १,८५,००० जणांचा संहार करतो. हे वाचन ऐकून घरी परतताना भाविकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे खरोखर घडले काय? आणि परमेश्वराने त्यांना सोडविले, तर आमच्यावर संकट आले तेव्हा तो गप्प का राहिला? दुसरा प्रश्न अधिक जड आहे. देऊळगाव राजा व आसपासच्या गावांतील श्रद्धावंतांना डोळ्यांसमोर ठेवून या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे आम्ही करीत आहोत.

पार्श्वभूमी

इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडविले व तेथील प्रजेला देशोधडीस लावले. दक्षिणेकडील लहानसे यहूदा राज्य खंडणी भरून कसेबसे टिकले. इ. स. पू. ७०५ मध्ये अश्शूरचा राजा सर्गोन मरण पावला, तेव्हा अनेक मांडलिकांनी बंड केले. हिज्कीयाही त्यांत होता. इ. स. पू. ७०१ मध्ये सर्गोनचा पुत्र सन्हेरीब प्रचंड फौज घेऊन यहूदावर चालून आला.

फौज येते म्हणजे काय होते, हे आपल्या परिसराच्या इतिहासाला ठाऊक आहे. १७२४ साली साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात मोठी लढाई झाली. १७५७ साली आपल्या शेजारच्या सिंदखेड येथे मराठा फौजेने रामचंद्र जाधवांना वेढा घातला. लढाई राजांची असली, तरी घोडी चरतात ती शेतकऱ्याच्या उभ्या पिकात. यहूदाच्या खेड्यापाड्यांतही त्या वर्षी तेच झाले.

राजा हिज्कीयाचे वर्तन

पवित्र शास्त्र हिज्कीयाला निर्भय वीर म्हणून रंगवीत नाही. प्रथम तो घाबरला. त्याने लाखीश येथे सन्हेरीबाकडे निरोप धाडून आपली चूक कबूल केली आणि ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने भरण्याचे मान्य केले. एक किक्कार म्हणजे तीस किलोहून अधिक वजन. एवढे धन जमविण्यासाठी त्याला मंदिराच्या दारांवर मढविलेले सोने काढून द्यावे लागले (२ राजे १८:१४-१६). तरीही शत्रू मागे फिरला नाही.

उलट, रब-शाके हा अश्शूरचा अधिकारी तटाजवळ येऊन उभा राहिला. दरबाऱ्यांनी त्याला अरामी भाषेत बोलण्याची विनंती केली, कारण ती सामान्य लोकांना कळत नव्हती. त्याने मुद्दामच लोकांच्या भाषेत आवाज चढविला. स्वार मिळत असतील तर दोन हजार घोडे देतो, अशी त्याने थट्टा केली. इतर राष्ट्रांच्या देवांना आपापले देश वाचविता आले नाहीत, मग तुमचा देव काय करणार, असे त्याने विचारले. तटाला भगदाड पाडण्याआधी त्याला लोकांच्या मनाला भगदाड पाडायचे होते. राजाच्या आज्ञेप्रमाणे लोक गप्प राहिले.

यानंतर हिज्कीयाने जे केले ते आपण नीट ध्यानात घ्यावे. त्याने गोणपाट नेसले, यशया संदेष्ट्याकडे माणसे पाठवून प्रार्थनेची याचना केली, आणि पुढे सन्हेरीबाचे धमकीचे पत्र हाती आले तेव्हा ते मंदिरात नेऊन परमेश्वरासमोर उलगडून ठेवले. स्वतःचे गुण त्याने सांगितले नाहीत. शत्रूने जे लिहिले ते तूच पाहा आणि आम्हांला सोडव, म्हणजे तूच एकमेव देव आहेस हे पृथ्वीवरील राष्ट्रांना कळेल, एवढाच त्याच्या प्रार्थनेचा आशय होता.

त्याच राजाने पाण्याचीही तजवीज केली होती. गीहोन झरा शहराच्या पायथ्याशी होता. शत्रूला पाणी मिळू नये म्हणून बाहेरचे झरे बुजविण्यात आले व झऱ्याचे पाणी शहरात वळविण्यात आले (२ इतिहास ३२). सुमारे ५३३ मीटर लांबीचा खडकातील बोगदा आजही येरुशलेममध्ये आहे व त्यातून पाणी वाहते. दोन्ही टोकांकडून खोदत येणारे कामगार मध्यावर कसे भेटले, हे सांगणारा शिलालेख १८८० साली तेथे सापडला. हा हिज्कीयाचाच बोगदा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना या कामाचे मोल सांगावयास नको. कुदळ आणि प्रार्थना यांत हिज्कीयाने विरोध पाहिला नाही.

इतिहासाची साक्ष

हे खरोखर घडले काय? सन्हेरीबाने स्वतःच्या स्वारीचा वृत्तान्त मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरवून ठेवला होता. १८३० साली निनवे येथे मिळालेला असा एक स्तंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपण यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतली, २,००,१५० लोक बाहेर काढले व हिज्कीयाला त्याच्याच राजधानीत कोंडले, अशी फुशारकी त्यावर आहे. खंडणीतील सोन्याचा आकडाही बायबलप्रमाणेच ३० आहे. रुप्याचा मात्र ८०० दिला आहे. परंतु येरुशलेम जिंकल्याचा दावा त्यात कोठेही नाही.

छावणीत त्या रात्री नेमके काय घडले? काही अभ्यासक साथीच्या रोगाची शक्यता मांडतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सन्हेरीबाच्या फौजेच्या नामुष्कीची वेगळीच कथा इजिप्तमध्ये ऐकली होती. तिच्यात उंदरांनी रात्रीतून सैनिकांची धनुष्ये कुरतडल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात शिकविले की, पवित्र लेखकाला काय सांगावयाचे आहे हे समजण्यासाठी त्याची लेखनपद्धती पाहिली पाहिजे. येथे लेखक मृत्यूचे कारण शोधीत बसत नाही. जी सुटका राजाच्या सोन्याने किंवा घोड्यांनी झाली नाही, ती परमेश्वराने केली, हे तो सांगतो.

लाखीशचे काय?

आता दुसरा प्रश्न. येरुशलेम वाचले, पण लाखीश पडले. त्याच्या पाडावाची दृश्ये सन्हेरीबाने आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरविली. तेथे बायकामुले घरदार सोडून कैदेत चाललेली दिसतात. त्यांनी प्रार्थना केली नसेल काय? त्यांची श्रद्धा कमी होती, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. ते आपणही म्हणू नये.

पुढे येरुशलेमच्या लोकांनी या सुटकेचा चुकीचा अर्थ काढला. मंदिर येथे आहे, म्हणून शहर कधीच पडणार नाही, असे ते समजू लागले. गरिबांवर अन्याय करून मंदिराचा ताईत गळ्यात बांधता येत नाही, असे यिर्मयाने त्यांना बजावले (यिर्मया ७). त्यांनी ऐकले नाही. सुमारे इ. स. पू. ५८७ मध्ये बाबेलच्या सैन्याने तेच शहर व तेच मंदिर जाळले. तेव्हा ७०१ ची सुटका ही परमेश्वराची कृपा होती. ती कायमची हमी नव्हती.

आपल्यासाठी बोध

यशयाने हिज्कीयाला एक खूण दिली होती. या वर्षी सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवेल ते खा, दुसऱ्या वर्षी त्यातूनच फुटेल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा आणि कापा. शत्रू गेल्यावरही घरात धान्य यायला तिसरे वर्ष उजाडणार होते. एक हंगाम बुडाला की घर सावरायला किती काळ लागतो, हे आपल्या भागातील शेतकरी जाणतो. सुटका एका रात्रीत होते. सावरणे हळूहळू होते, आणि त्या काळातही परमेश्वर सोबत असतो.

आज वेढा फौजेचा नसतो. तो कर्जाचा असतो, आजाराचा असतो, नापिकीचा असतो. बुलढाण्यासह पश्चिम विदर्भातील कितीतरी घरांतील कर्ता माणूस या वेढ्यात एकटा पडला आणि त्याने जीवन संपविले. त्या कुटुंबांना श्रद्धेचे माप लावणे हे पाप आहे. रब-शाकेचा आवाज आजही तेच सांगतो: तुझे कोणी नाही, तुझा देवही नाही. अशा वेळी घरात आलेली नोटीस दडवून न ठेवता ती परमेश्वरासमोर उलगडावी, आणि हिज्कीयाने यशयाकडे माणसे धाडली तशी आपल्या धर्मगुरूंना, शेजाऱ्यांना, जाणत्या माणसाला हाक मारावी. आणि धर्मग्रामाने कोणाची हाक येण्याची वाट न पाहता त्या घराची कडी वाजवावी.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूला पकडण्यात आले, तेव्हा आपण मागितल्यास पिता देवदूतांच्या बारा सैन्यतुकड्यांहून अधिक पाठवील, असे तो म्हणाला (मत्तय २६:५३). त्याने त्या मागितल्या नाहीत. तो वेढ्यातून निसटला नाही, लाखीशच्या लोकांसारखा कैदी होऊन चालू लागला. तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला उठविले. ज्यांना येरुशलेमसारखी सुटका लाभली त्यांनी उपकारस्तुती करावी. ज्यांच्या वाट्याला लाखीश आले त्यांच्यासोबत स्वतः प्रभू चालतो आहे, ही आपली आशा होय.