पडद्यावरची झुंज आणि डॉक्टरांची नजर

चित्रपटातील मारामारी पाहताना प्रेक्षकाची दृष्टी नायकाच्या मुठीवर खिळते. डॉक्टरांची मात्र ठोसा जिथे बसला त्या जागेवर. मिश्र युद्धकला, म्हणजेच एमएमए, या खेळावरील चित्रपट याच दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

या खेळात कुस्तीची पकड, ठोसे, लाथा आणि सांधे पिळण्याचे डाव एकत्र येतात. फेरी ५ मिनिटांची असते. हार मान्य असल्यास खेळाडू हाताने थापटतो. पंच आणि डॉक्टर यांनाही लढत थांबवता येते. थांबण्याची ही सोय म्हणजेच खेळाडूच्या जिवाची हमी होय.

'वॉरियर' (२०११) या अमेरिकन चित्रपटात दोन सख्खे भाऊ अंतिम लढतीत समोरासमोर येतात. धाकट्याचा खांदा निखळतो, हात निकामी होतो. तरी तो माघार घेत नाही. अखेर थोरलाच त्याला थापटण्याची विनवणी करतो. त्या दुखापतीची किंमत प्रेक्षकाला दिसते, हेच या कलाकृतीचे वास्तव. याच कथेवर २०१५ मध्ये हिंदीत 'ब्रदर्स' निघाला.

'सुलतान' (२०१६) मधील हरियाणाचा मल्ल रक्तपेढीच्या ध्येयाने या रिंगणात उतरतो. हेतू उदात्त आहे. परंतु उपांत्य लढतीत गंभीर जखमी झाल्यावर डॉक्टरांनी मनाई करूनही तो अंतिम लढत खेळतो आणि जिंकतो. येथे डॉक्टर केवळ अडसर ठरतो. प्रत्यक्षात मोडलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसात शिरल्यास छातीत हवा साठून प्राणावर बेतते. मेंदूला बसलेला धक्का बेशुद्धीवाचूनही असू शकतो. तो बरा होण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास, क्वचित का होईना, मेंदूला घातक सूज येते.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. 'दंगल' (२०१६) मधील कलावंतांना कुस्तीचे धडे देणारे कृपाशंकर पटेल हे इंदूरचे अर्जुन पुरस्कार विजेते मल्ल. त्यामुळेच तेथील डाव खरे वाटतात. ज्या फोगट कुटुंबाची ती कथा, त्यातील रितू फोगट २०१९ मध्ये एमएमएकडे वळल्या. उद्या बुधवाऱ्यातील एखादा तरुणही वळेल. त्याच्या जिद्दीचे कौतुक अवश्य करावे. परंतु डोके दुखते, मळमळते, श्वास घेताना छातीत कळ येते, असे तो म्हणाला, तर त्याला मर्दपणाची आठवण न देता दवाखान्यात आणावे. पडद्यावरील नायक पुढच्या दृश्यात बरा होतो. आपल्या मुलाला पुन्हा चित्रीकरणाची संधी नसते.