खामगावचं गोदाम, पुण्यातला मोबाइल आणि न मिळणारा पत्ता

खामगावात कापसाचं गोदाम असलेल्या व्यापाऱ्याच्या घरी आज कॅमेरे, डीव्हीआर आणि फायबरचं कनेक्शन असणं नवलाचं नाही. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर त्याला तिथून गोदामावर नजर ठेवायची असते. मग कॅमेरे बसवणारा राउटरमध्ये एक पोर्ट उघडून देतो, पासवर्ड कंपनीचाच राहतो आणि गोदाम मोबाइलवर दिसू लागतं. आता ते जगातल्या कुणालाही दिसू शकतं, हे मात्र घरात कुणाच्या गावीही नसतं. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमनं अशीच उपकरणं हुडकली, ठरलेले साठेक पासवर्ड वापरून ती ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या ‘डाइन’ कंपनीवर या उपकरणांमार्फत हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या.

यावर घरचा व्हीपीएन सर्व्हर हा चांगला उपाय आहे. व्हीपीएन म्हणजे बंद साइट उघडायची युक्ती, असा आपल्याकडे समज आहे. घरच्या सर्व्हरचं काम वेगळं: बाहेर असलेल्या आपल्या माणसाला घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित घेणं.

त्यासाठी ‘वायरगार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत पटतं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, त्यामुळे तपासायला सोपा. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची जोडी मिळते. एक गुप्त, दुसरी समोरच्याला द्यायची. सार्वजनिक किल्ली ४४ अक्षरांची असते. ओळखीच्या किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला सर्व्हर नकारसुद्धा कळवत नाही, गप्प राहतो. त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला इथे काही चालू आहे याचा पत्ताच लागत नाही.

सेटिंगमध्ये फक्त घरच्या नेटवर्कचा पत्ता लिहिला, तर कॅमेऱ्यापुरतीच वाहतूक घरी येते. ०.०.०.०/० लिहिलं की मोबाइलची सगळी आयपीव्ही४ वाहतूक आधी खामगावला जाते आणि तिथून इंटरनेटवर निघते. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर हे फार उपयोगी. मात्र पुण्यात पाहिलेला व्हिडिओ घरी डाउनलोड होऊन पुन्हा अपलोड होतो. म्हणजे पुण्यातला वेग घरच्या अपलोडच्या वेगापुढे जात नाही. अंतराची चिंता नको. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो; चारशे किलोमीटरला दोन मिलिसेकंद पुरतात.

खरं घोडं अडतं ते पत्त्यावर. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अख्ख्या वाड्याला एकच घरक्रमांक असावा, तसं. आतून बाहेर जाणारं पत्र पोचतं, उत्तरही येतं. पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कोणत्या खोलीत द्यायचं हे पोस्टमनला कळत नाही. आपलं घर अशा वाड्यात आहे का, हे राउटरच्या पानावर बघता येतं. तिथे वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तो सामायिक जाळ्यातला. एप्रिल २०१२ मध्ये हे पत्ते याच कामासाठी राखून ठेवले गेले.

अशा वेळी कनेक्शन देणाऱ्याकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा. बहुधा जादा पैसे पडतात. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा, आणि मला तोच खरा वाटतो. त्यात पत्ते इतके आहेत की प्रत्येक उपकरणाला स्वतःचा मिळतो. घरचं कनेक्शन आणि पुण्यातला मोबाइल दोन्हींकडे आयपीव्ही६ हवा, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, मोकळा ठेवायचा. कॅमेऱ्यासाठी उघडलेला जुना पोर्ट त्याच दिवशी बंद करावा. तो राहिला तर सगळी मेहनत वाया.

सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय पुरतो. त्याला मोजकेच वॅट लागतात. वीज जाते हे धरून राउटर, फायबरचा डबा आणि पाय, तिन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवावेत.

यातून अनामिकता मात्र मिळत नाही. वेबसाइटला खामगावचं कनेक्शन दिसतं आणि ते घरच्यांच्या नावावर असतं. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते, पण तो नियम सर्वसामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्यांसाठी आहे. तरीही घरच्या किल्ल्या शेजारीपाजारी वाटू नयेत: त्यांनी केलेला प्रत्येक व्यवहार आपल्याच पत्त्यावरून झालेला दिसेल. मोबाइल हरवला, तर सर्व्हरवरून त्याची सार्वजनिक किल्ली काढून टाकली की काम होतं. बाकीच्यांच्या किल्ल्यांना हात लावावा लागत नाही.