घराच्या नकाशात तब्येतीचाही विचार हवा

नव्या घराचा नकाशा हाती आला की चर्चा सुरू होते ती दिवाणखाना किती मोठा, देवघर कोणत्या दिशेला आणि गाडी कुठे लावायची याची. संडास-बाथरूम मात्र उरलेल्या जागेत, बऱ्याचदा जिन्याखाली बसवले जाते. आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. आपल्याकडे अनेक जण स्वतःचे घर बांधतात ते मुलांची शिक्षणे उरकल्यावर किंवा निवृत्तीचा फंड हाती आल्यावर. म्हणजे बांधणाऱ्याचे सगळे म्हातारपण त्याच घरात जाणार असते. कागदावरचा दरवाजा रुंद करायला खोडरबर पुरते. फरशी बसल्यावर त्याच कामासाठी भिंत फोडावी लागते.

खाली एक खोली हवीच

दोन मजली घरात झोपायच्या सगळ्या खोल्या वर आणि खाली फक्त हॉल व स्वयंपाकघर, अशी मांडणी सर्रास दिसते. गुडघ्याची शस्त्रक्रिया, पाय मोडणे, अर्धांगवायू किंवा बाळंतपण यांपैकी काहीही घरात आले की ही मांडणी अडचणीची ठरते. तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम असावे. सुरुवातीला ती पाहुण्यांची किंवा अभ्यासाची खोली म्हणून वापरता येते.

पडण्याची जागा

वयस्कर माणसांच्या खुब्याच्या हाडाला फ्रॅक्चर होते ते बहुतेक वेळा साध्या पडण्याने. रात्री लघवीला उठताना रक्तदाब एकदम कमी होऊन तोल जातो. त्यात अंधार, ओली गुळगुळीत फरशी आणि पायात येणारा उंबरठा यांची भर पडते. हाड जोडता येते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका असतो. पूर्वी स्वतःचे सगळे स्वतः करणारे अनेक जण त्यानंतर पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत.

म्हणून बाथरूमचा दरवाजा तीन फुटी घ्यावा. नेहमीच्या दोन-अडीच फुटी दरवाजातून व्हीलचेअर जात नाही, किंवा जाताना चौकटीत हात सापडतात. दरवाजा बाहेर उघडणारा किंवा सरकता असावा. आत कोणी दरवाजाला टेकून कोसळले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी निवडावी. फरशी खरखरीत घ्यावी आणि पाणी उंबरठ्याने अडवण्यापेक्षा जाळीकडे नीट उतार द्यावा. घरात किमान एक कमोड असावा आणि त्याची बैठक १७ ते १९ इंच उंच असावी. गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठणे सोपे जाते. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी स्टीलचे दांडे बसवायचे असतील तर भिंत तेवढी मजबूत हवी, हे गवंड्याला आधीच सांगावे. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही.

गॅसचा गीझर बाथरूमच्या आत बसवू नये. बंद जागेत ज्वलनाला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेला माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्यामुळे गीझर बाहेर मोकळ्या हवेत ठेवावा आणि नळाने पाणी आत आणावे. विजेचा गीझर असेल तर अर्थिंग नीट करून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

जिना

जागा वाचवायची म्हटले की पहिला घाव जिन्यावर पडतो. पायरीची उंची सात इंचांच्या आसपास आणि पाय ठेवायची रुंदी किमान दहा इंच असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या असाव्यात. फरशीची जाडी हिशेबात न धरल्याने पहिली किंवा शेवटची पायरी कमी-जास्त होते आणि पाय नेमका तिथेच चुकतो. कठडा शेवटच्या पायरीपर्यंत असावा आणि दिव्याचे बटण वर-खाली दोन्हीकडे असावे.

हवा आणि धूर

सरकत्या खिडकीची निम्मीच बाजू उघडते. त्यामुळे चार फुटी खिडकीतून हवा दोन फुटांचीच येते. बाहेर उघडणारी झडप पूर्ण मोकळी होते. खोलीत समोरासमोर दोन झरोके असले तर हवा वाहती राहते. घरात क्षयरोग किंवा फ्लूसारखा हवेतून पसरणारा आजार आला तर ही वाहती हवा इतरांना होणारी लागण कमी करते. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर बाहेर जायला खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन हवाच. चिमणी घेतली तर तिचा पाइप बाहेर काढलेला असावा. ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्याला उभे करून ठरवावी; ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की कंबर आणि खांदे दुखत नाहीत.

पाणी, संडासची टाकी आणि डास

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लो पाइपला जाळी आणि गच्ची व छज्जांना पाणी न साचणारा उतार, ही कामे बांधतानाच करून घ्यावीत. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपलाही बारीक जाळी बांधावी, कारण टाकीत वाढणारे डास तिथून बाहेर पडतात. गावाकडे घरालगत विहीर किंवा बोअर असते. शोषखड्डा त्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर घ्यावा. नाहीतर हगवण, कावीळ आणि विषमज्वराचे जंतू पिण्याच्या पाण्यात उतरू शकतात. शेजाऱ्याची विहीरही याच अंतरात धरावी.

मंजुरीआधी एक तपासणी

नकाशा मंजुरीला देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवावे. पलंगापासून संडासापर्यंत कागदावर पेन्सिल फिरवावी. वाटेत किती पायऱ्या, किती उंबरठे, दिव्याचे बटण कुठे आणि आधाराला काय, ते मोजावे. मग त्याच पलंगापासून फाटकापर्यंत पेन्सिल न्यावी आणि सुमारे साडेसहा फुटी स्ट्रेचर प्रत्येक वळणावरून वळेल का, ते पाहावे. जिथे अडेल तिथे नकाशा बदलून घ्यावा.