ठराव, स्मारक आणि बुडालेली पाच वर्षे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन विरुद्ध टोपीका शिक्षण मंडळ' या खटल्याचा निकाल दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असे नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. 'वेगळे, पण समान' हे १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून चालत आलेले ढोंग शाळांपुरते तरी मोडीत निघाले. आज तिथले लोकप्रतिनिधी या निकालाचे वर्धापनदिन साजरे करतात. २००४ साली, निकालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, टोपीकाची मन्रो शाळा राष्ट्रीय स्मारक म्हणून खुली झाली. २०२२ साली संसदेने कायदा करून ते स्मारक आणखी वाढवले. हे योग्यच झाले. पण जी सभागृहे आज गौरव करतात त्यांनी निकाल लागला तेव्हा काय केले, हे विचारल्याशिवाय या गौरवाची किंमत कळत नाही.

मार्च १९५६ मध्ये दक्षिणेतील १०१ खासदारांनी जाहीरनामा काढून या निकालाला न्यायालयीन अधिकाराचा गैरवापर ठरवले. न्यायालयानेही त्यांना वाट ठेवली होतीच. १९५५ च्या दुसऱ्या आदेशात अंमलबजावणी 'यथायोग्य त्वरेने' करा एवढेच म्हटले होते. मुदत घातली नव्हती. मुदत नसलेला न्याय प्रस्थापितांना नेहमीच मानवतो.

व्हर्जिनिया राज्याचे उदाहरण घेऊ. तिथल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात फार्मव्हिल गावी काळ्या मुलांची मोटन शाळा होती. १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या शाळेत साडेचारशेहून अधिक मुले कोंबली होती. उरलेल्यांसाठी डांबरी कागद लावलेल्या खोपट्या उभारल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राऊन निकालात सामील झाला. म्हणजे हा निकाल केवळ वकिलांच्या युक्तिवादातून आलेला नाही. त्यामागे शाळकरी मुलांचे धाडस आहे.

निकालानंतर व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९५६ साली कायदे केले. जी शाळा काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवील ती बंद करावी, असा त्यांचा रोख होता. १९५८ साली नॉरफोक, शार्लट्सव्हिल अशा ठिकाणी शाळांना टाळी लागली. न्यायालयांनी ते कायदे रद्द केले, तेव्हा प्रिन्स एडवर्डच्या सत्ताधाऱ्यांनी शाळांना पैसाच द्यायचा नाही असे ठरवले. १९५९ पासून १९६४ पर्यंत त्या परगण्यातील सरकारी शाळा बंद होत्या. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली, आणि तिच्या फीसाठी काही काळ सरकारी अनुदानही मिळाले. काळी मुले मात्र घरी बसली. काही नातेवाइकांकडे परगावी गेली, काही शेतावर राबू लागली, अनेकांचे शिक्षण तिथेच संपले. अखेर मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या.

त्याच विधिमंडळाने २००३ साली ठराव करून या शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला. पुढच्या वर्षी त्याने आणखी एक पाऊल टाकले. शाळाबंदीत ज्यांचे शिक्षण बुडाले त्यांना पुढे शिकण्यासाठी ब्राऊन निकालाच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. १९५९ साली सात वर्षांचे असलेले मूल तोवर बावन्न वर्षांचे झाले होते. त्या वयात मिळालेली शिष्यवृत्ती बालपण परत देत नाही. तरीही खेदाचा ठराव आणि ही शिष्यवृत्ती यांत मोठे अंतर आहे. ठरावाने चूक झाली असे म्हटले. शिष्यवृत्तीने आपण देणे लागतो हे मान्य केले.

हे अंतर आपल्या वाचकांना नवे नाही. सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत द्यूबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. ते साम्य इथेही दिसते.

म्हणून ब्राऊनचा उत्सव पाहताना पुढची हकीकत विसरता येत नाही. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उपनगरांच्या शाळांना एकत्रीकरणाच्या योजनेबाहेर ठेवले. गोरी कुटुंबे हद्दीपलीकडे राहायला गेली की निकाल त्यांच्यापर्यंत पोचेना. शाळेच्या पैशाचा मोठा भाग आजही स्थानिक मालमत्ता करातून येतो. गरीब वस्तीच्या वाट्याला गरीब शाळा येते. या हद्दी आणि हे कर सभागृहेच ठरवतात. ब्राऊनचा गौरव करणाऱ्या लोकप्रतिनिधीला म्हणूनच विचारले पाहिजे की, भाषण झाल्यावर शाळांच्या अंदाजपत्रकावर त्याने मत कुठे टाकले?