इंदुराहून एका दिवसाच्या वाटा

इंदूरच्या मराठी घरात प्रवास म्हटला की दिशा ठरलेल्या असतात. लग्नमुंजीला पुणे, कुलदैवताला तुळजापूर, जेजुरी किंवा कोल्हापूर, आणि चार पैसे हाताशी असले तर कोकण. त्यासाठी चार दिवस मोडतात, तिकिटे फार आधी काढून ठेवावी लागतात, आणि आजीचे गुडघे व नातवाची परीक्षा यांच्यापायी घरातली निम्मी माणसे मागे राहतात. या लेखात ज्या वाटा सांगायच्या आहेत त्या याहून फार आखूड आहेत. सकाळी पोहे खाऊन निघावे आणि रात्रीच्या जेवणाला घरी असावे, एवढ्याच. मात्र आपण मंडळी या मुलखात कशी आलो आणि कशी रुजलो, याचा उलगडा पुण्यात होत नाही. तो देवास, धार, महू आणि नर्मदाकाठ इथे होतो.

आधी खर्चाचे बोलू. मध्यप्रदेशात राज्य परिवहन बंद होऊन बरीच वर्षे झाली. बसगाड्या आहेत त्या खाजगी, आणि त्यांचे वेळापत्रक म्हणजे गाडी भरण्याची वेळ. देवास, धार आणि महू यांच्यासाठी याची अडचण होत नाही, कारण तिकडे दिवसभर गाड्या असतात. देवास तर इंदूर-उज्जैन लोहमार्गावरच आहे, आणि साध्या गाडीचे भाडे चहापोह्याच्या खर्चापलीकडे फारसे जात नाही. आडवळणाच्या गावांना मात्र दोनतीन कुटुंबांनी मिळून गाडी करावी. डबा घरचा घ्यावा. दशम्या, लसणाची चटणी आणि सेव एवढे बरोबर असले की मालव्यात कुणी उपाशी राहत नाही. बसस्थानकावर वाट पाहण्याची पाळी आलीच तर मुलांना एवढे सांगून ठेवा, की इंदूरच्या सरवटे बसस्थानकाला ज्यांचे नाव आहे ते वि. सी. सरवटे मराठी लेखक होते आणि संविधान सभेचे सदस्यही होते. रोज तोंडी असलेले नाव कुणाचे हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते.

पहिली फेरी देवासची करावी. अंतर पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे तासाभराची वाट. गाव आज कारखान्यांचे आणि नोटा छापण्याच्या सरकारी छापखान्याचे म्हणून ओळखले जाते, त्यामुळे ‘तिथे काय पाहायचे’ असे इंदूरकर सहज म्हणतात. पण हिंदुस्थानात एवढे चमत्कारिक राजधानीचे गाव दुसरे मिळणे कठीण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी इथे राज्य बसवले आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजवाडे दोन, दरबार दोन, कारभार दोन. गावातला मोठा रस्ता ही हद्द. अलीकडचा दुकानदार एका महाराजांची प्रजा, तर पलीकडचा दुसऱ्या महाराजांची. भाऊबंदकीच्या वाटण्या आपल्याकडे घरोघर झाल्या, परसातल्या विहिरीच्या पाळ्यासुद्धा लागल्या. देवासला ती गोष्ट नकाशावर उतरली, आणि १९४८ पर्यंत टिकली. या रस्त्याने मुलांना एकदा पायी न्यावे आणि उजवीकडचे कुणाचे, डावीकडचे कुणाचे हे सांगावे. संस्थान म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळते.

गावाच्या डोक्यावर टेकडी आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक म्हणतात बडी माता आणि छोटी माता. इथेही थोरली-धाकटी आहेच. पायऱ्या आहेत, आता रोपवेही आहे. या टेकडीचे नाव इंग्रजी साहित्यात गेले ते ई. एम. फॉर्स्टरमुळे. १९२१ मध्ये तो थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला, आणि त्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. त्याच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात कृष्णजन्माचा जो उत्सव आहे तो देवासच्या राजवाड्यातल्या गोकुळाष्टमीवरून उचललेला, आणि त्यात गाणारे लोक तुकारामाचे नाव घेतात. कादंबरी वाचणाऱ्या इंग्रजाला ते नाव विचित्र वाटले असेल. आपल्याला त्यावरून एवढे कळते, की देवासच्या दरबारी उत्सवाची भाषा मराठी होती. याच थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. म्हणजे वाट एकतर्फी नव्हती. महाराष्ट्रातून माणसे इकडे आली तशी इकडून तिकडेही गेली.

देवासला जायचे खरे कारण मात्र टेकडीच्या पायथ्याशी आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी पडल्यावर कोरड्या हवेसाठी १९४८ च्या सुरुवातीला मुंबईहून देवासला आले. गाणे वर्षानुवर्षे बंद. भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवत. त्या काळात अंथरुणावरून त्यांच्या कानावर काय पडले असेल, तर रस्त्याने जाणाऱ्या बायकांची मालवी गाणी आणि भिक्षेला आलेल्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. बरे झाल्यावर ते गाऊ लागले तेव्हा त्यांचे गाणे बदललेले होते. मालवी लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. १९६५ चा ‘अनूपरागविलास’ याची साक्ष देतो. १२ जानेवारी १९९२ रोजी ते देवासलाच गेले. म्हणजे कानडी घरचा मुलगा, मुंबईत मराठी मंडळींत वाढलेला, मालव्याच्या खेडुतांचे ऐकून मोठा झाला. आपण ‘बाहेर राहून मराठी टिकवली’ असे अभिमानाने सांगतो. टिकवणे ठीकच, पण ज्यांच्या गावात राहिलो त्यांच्याकडून काय घेतले, हेही कधी सांगायला हवे. माताजींच्या रस्त्यावरचे त्यांचे ‘भानुकुल’ हे घर बाहेरून पाहावे. ते राहते घर आहे, दारावर थाप मारून भोवती मोबाइल फिरवण्याची जागा नव्हे. तिथून शीलनाथ महाराजांच्या धुनीवर जावे आणि थोडा वेळ नुसते बसावे.

धार इंदूरच्या पश्चिमेला, साठपासष्ट किलोमीटरवर. गंगवाल बसस्थानकावरून गाड्या मिळतात. राजा भोजाची धारानगरी म्हणून ती सर्वांना ठाऊक. इथे मला तिच्या पवारांच्या काळाविषयी सांगायचे आहे. लाल दगडाच्या त्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंची फौज राघोबादादांच्या मागावर होती. गरोदर आनंदीबाईंना पवारांच्या आश्रयाला ठेवून दादा पुढे गेले होते. शनिवारवाड्याचा शेवटचा धनी मालव्यातल्या एका किल्ल्यात, बापाच्या पळापळीत जन्मला, हे पुण्यात राहून फारसे जाणवत नाही. लाट मशिदीच्या आवारात प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. जोडले तर दिल्लीच्या स्तंभाहून कितीतरी लांब भरतील, आणि तरी त्यांच्यापुढे गर्दी नसते. मूर्तिकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. धारला आले ते धारचेच झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. त्यांचा स्टुडिओ धारला आहे, तो चुकवू नये. छत्र्याही पाहाव्यात.

महू तर जवळजवळ इंदुरातच आहे. तरी आपल्या मंडळांच्या सहलींच्या यादीत मी ते क्वचितच पाहिले आहे, आणि पाहिले तेव्हा पाताळपाणीच्या धबधब्यासाठी. काळी पलटण भागात १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, पलटणीच्या शाळेत शिकवणारे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. होळकर-पवारांच्या फौजांबरोबर जी मराठी घरे इकडे आली त्यांच्याविषयी आपण पुष्कळ बोललो. कंपनी आणि पुढे इंग्रज सरकार यांच्या पलटणीतून जी मराठी माणसे याच छावणीत येऊन राहिली, त्यांच्याविषयी फार कमी. दोन्ही घरांत बोलली जात होती ती मराठीच. दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातून हजारो लोक रात्रभराचा प्रवास करून, घरच्या भाकऱ्या बांधून महूला येतात. वीसपंचवीस किलोमीटरवर राहणाऱ्यांनी त्या दिवशी नाही तर एखाद्या साध्या मंगळवारी तरी जायला काय हरकत आहे? स्मारक शांत असते, आणि महूचा जुना छावणीचा बाजार पायी फिरण्याजोगा आहे.

महेश्वराविषयी इथे मुद्दामच लिहीत नाही. अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट सर्वांनी पाहिलेला असतो, आणि शनिवार-रविवारी आता पाय ठेवायला जागा नसते. त्याऐवजी आठदहा किलोमीटर पुढे मंडलेश्वरला जावे. घाट तेवढाच शांत, नर्मदा तीच, आणि नावाड्याशी घासाघीस कमी. जवळच जलूद आहे. इंदूरच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी तिथून उपसले जाते आणि विंध्याचा चढ चढवून आपल्या घरापर्यंत आणले जाते. लहान मुलाला नदीकाठी उभे करून ‘हे आपल्या मोरीतले पाणी’ असे सांगितले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो, आणि त्या दिवसापुरता तरी नळ कमी वाहतो.

आता रावेरखेडी. इथे जरा बेत आखून जावे लागते. अंतर शंभरएक किलोमीटर, वाट बडवाह, सनावद आणि बेडिया करत. शेवटच्या टप्प्याला बस गृहीत धरू नये. दोन घरांनी गाडी करावी. १७४० च्या सुरुवातीला मुंगी-पैठणच्या तहात निजामाच्या मुलाकडून खरगोण आणि हंडिया या जहागिरी मिळाल्यावर पहिले बाजीराव त्यांच्या बंदोबस्ताला निमाडात आले. तिथे ताप आला, आणि २८ एप्रिलला या नदीकाठी ते गेले. वय वर्षे ३९. निमाडातला एप्रिल कसा असतो हे ज्याने अंगावर घेतले आहे त्याला त्या तापाविषयी फारसे सांगावे लागत नाही. पुढे नानासाहेबांच्या आज्ञेने राणोजी शिंद्यांनी इथे छत्री बांधली. धर्मशाळेच्या भिंतींनी वेढलेले आवार आहे, आत समाधी आणि देवळे, आणि खाली नर्मदा.

महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात ही समाधी येईल अशी भीती बरीच वर्षे होती. समाधी हलवावी, की भोवती भिंत घालावी, यावर वाद झाले. त्याच प्रकल्पापायी काठच्या गावांतल्या लोकांनी आपल्या घरांसाठी आणि शेतांसाठी लांबचा लढा दिला, हेही समाधीच्या चिंतेत विसरू नये. एक दगडी छत्री वाचवायला पुण्याहून पत्रे येतात. शेजारच्या निमाडी शेतकऱ्याचे गाव वाचवायला येत नाहीत. आवाराची निगा राखणारे, वाट दाखवणारे, पाणी देणारे तेच आहेत. तिथे गेल्यावर दोन शब्द निमाडीत किंवा हिंदीत नीट बोलावेत, काय चालले आहे ते विचारावे.

बडोद्याच्या वाचकाला वाटेल, हे सगळे इंदूरकरांपुरते झाले. तसे नाही. डभोई त्याच्यापासून तीसेक किलोमीटरवर आहे. १ एप्रिल १७३१ रोजी याच बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांना तिथल्या लढाईत मारले आणि गायकवाडांचे पुढचे दैव फिरले. शिवाय गायकवाडांची अरुंद रुळांची पहिली रेल्वे १८६२ मध्ये तिथूनच मियागामला निघाली. ग्वाल्हेर, हैदराबाद आणि बेळगावच्या मंडळींनी आपापल्या शहराभोवती तासादोन तासांचे वर्तुळ काढून पाहावे.

कुठेही गेलात तरी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर घ्या. धारच्या छत्रीपाशी किंवा देवासच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर ‘माझ्या आजेसासरे इथे कारकून होते’ असे एखादे वाक्य निघते, जे घरच्या दिवाणखान्यात चाळीस वर्षांत निघालेले नसते. ते त्याच दिवशी, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा. जुन्या देवळात मोडी अक्षरे दिसली तर खडू किंवा पाणी न लावता, तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या. वाचणारा पुढे भेटतो. आणि रावेरखेडीला जायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा. ऊन सोसते, आणि परतताना बेडियाच्या बाजारात नवी लाल मिरची आलेली असते. वर्षभराच्या तिखटाची मिरची तिथेच घ्यावी, गाडीच्या काचा मात्र उघड्या ठेवून यावे.